करार संपला, भाडेकरू हलत नाही : पुण्यातल्या घरमालकांसाठी कागद, नोटीस आणि कलम २४

कागदीघोडा (धागाकर्ता)

"अकरा महिन्यांचा करार संपला, तो घर सोडत नाही, पोलीस म्हणतात दिवाणी मामला आहे, काय करू?" हा प्रश्न इथे सारखा येतो आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरलेली आहेत. म्हणून एका जागी लिहितो. फक्त राहत्या घराबद्दल आणि फक्त लीव्ह अँड लायसन्सबद्दल, म्हणजे भाडेपट्टा न करता ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या कराराबद्दल. अशा करारावर राहणारा तो लायसन्सी, बोलताना आपण त्यालाही भाडेकरूच म्हणतो. दुकानगाळे आणि पेठेतले जुने पागडीवाले यांचा रस्ता वेगळा, आणि लागणारा वेळ तर फारच वेगळा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ (३१ मार्च २००० पासून लागू) यातलं कलम २४ हे मालकाचं मुख्य हत्यार. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपली की मालकाला परत द्यायची. नाही दिली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी या कायद्याखाली नेमलेला अधिकारी) अर्ज करतो, नेहमीच्या दिवाणी दाव्यात अडकावं लागत नाही. मुदत संपली आहे एवढं पटलं की ताब्याचा हुकूम. 'मुलाचं लग्न ठरलंय', 'मला स्वतःला राहायचंय' असलं काही सिद्ध करत बसावं लागत नाही. शिवाय मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई. भाडं २५ हजार असेल तर महिन्याला ५० हजार. ही तरतूद कायद्यातच आहे, तरी करारातही लिहावी. सही करताना वाचली गेली की अर्धं काम तिथेच होतं.

या सगळ्याचा पाया नोंदणीकृत करार. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तेही मालकालाच. उलट, लेखी लायसन्स करारात जे नमूद आहे तो कलम २४ खाली निर्णायक पुरावा असतो. 'लायसन्स नावापुरतं होतं, खरं तर मी भाडेकरूच' या बचावाला मग फारशी जागा उरत नाही.

अकरा महिन्यांचं गौडबंगालही सांगून टाकतो. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, त्यातून ही सवय देशभर पडली. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे अकरा महिने असोत की अकरा दिवस, नोंदणी लागतेच. त्यामुळे अकराच्या आकड्यात काही जादू नाही. २२, २४, ३६ महिन्यांचा करारही तितकाच सुरक्षित.

खर्च काही फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, ६० महिन्यांपर्यंतच्या कराराला. ते लावायचं तीन गोष्टींच्या बेरजेवर: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज. २५ हजार भाडं, ११ महिने, १ लाख डिपॉझिट: २,७५,००० अधिक साधारण ९,१६७, म्हणजे २,८४,१६७. त्याचे ०.२५ टक्के ७१० रुपयांच्या आसपास, तेही वर पूर्णांकात जातात. नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रु., ग्रामीण भागात ५००. बाकी जे काही जातं ते मुख्यतः घरी अंगठ्याचं यंत्र घेऊन येणाऱ्या एजंटचं.

तळमजला

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पण एक विचारू का? एवढा खटाटोप कशाला? मुदत संपली, भाडं बंद झालं, सरळ पाणी तोडा, वीज तोडा, तो बाहेर गेला की कुलूप बदला. चार दिवसांत प्रश्न मिटतो. सगळे हेच करतात.

कागदीघोडा

आणि त्यातले बरेच जण नंतर वकील शोधत फिरतात.

कलम २९ प्रमाणे मालकाला जीवनावश्यक सेवा तोडता किंवा अडवता येत नाहीत. बिल मालकाने भरायचं ठरलेलं असताना त्याने मुद्दाम ते थकवलं आणि महावितरणने येऊन कनेक्शन तोडलं, तर तेही मालकानेच तोडलं असं धरण्याची सोय कलमात आहे. म्हणजे 'मी कुठे हात लावला' हेही चालत नाही.

कुलूप बदललं तर त्याहून वाईट. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली, कायदेशीर मार्गाशिवाय ताबा घालवलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हा मुद्दाच येत नाही. शिवाय आत त्याचं सामान असतं. नंतर तो म्हणतो कपाटात सोनं होतं, रोख होती. तुम्ही काय दाखवणार?

मुठाकाठ

थोडी भर. कलम २९ भाडेकरूसाठी आहे, लायसन्सीला लागू होत नाही, असा युक्तिवाद काही वकील करतात. त्यावर विसंबून नळ बंद करू नका. कलम लागू होवो न होवो, समोरचा दिवाणी कोर्टात जाऊन मनाई हुकूम मागतो आणि लहान मुलं किंवा म्हातारी माणसं घरात असली की कोर्टाची सहानुभूती कुठे जाते ते सांगायला नको. जे प्रकरण तारखेच्या हिशोबावर सुटणार होतं ते 'मालक छळतो' या मुद्द्यावर लढवलं जातं.

याच कारणासाठी नोटीस पाठवतानाच कॅव्हेट टाकून ठेवावं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८अ, मुदत ९० दिवस. तो मनाई मागायला गेला तर तुमचं ऐकल्याशिवाय एकतर्फी हुकूम सहसा होत नाही. ९० दिवस संपले की नवीन टाकायचं, हे विसरलं जातं.

वाकडचीवाट

अर्जाच्या पायऱ्या सविस्तर सांगाल का कोणी? म्हणजे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

मुठाकाठ

दुसऱ्या दिवसापासून कशाला, दोन महिने आधीपासून सुरुवात करा. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी मेसेज आणि ईमेल: करार अमुक तारखेला संपतोय, नूतनीकरण करणार नाही, त्या दिवशी ताबा द्यावा. भाषा साधी, धमकी नको. उत्तरात 'ओके' आलं तरी तो पुरावा आहे.

मुदत संपली आणि हलला नाही तर वकिलामार्फत नोटीस. कलम २४ साठी नोटीस हा काही कायद्याने घातलेला उंबरठा नाही, पण असावी. त्यात कराराचा दस्त क्रमांक आणि तारीख, मुदत संपल्याची तारीख, ताबा द्यायला १५ दिवस, दुप्पट नुकसानभरपाईची मागणी आणि थकबाकीचा महिनावार हिशोब. स्पीड पोस्टाने, पोहोचेसह. पत्ता करारात लिहिलाय तसाच, विंग आणि फ्लॅट नंबरसकट. त्याच्या मूळ गावचा पत्ता आधारवर असतो, तिथेही एक प्रत.

लिफाफा 'घेण्यास नकार' किंवा 'घर बंद' असा शेरा मारून परत आला तर तो फोडायचा नाही. तसाच, बंद, वरच्या शिक्क्यांसकट फाईलला लावायचा आणि पोस्टाच्या साइटवरचा ट्रॅकिंगचा छापील कागद त्याच दिवशी काढून ठेवायचा, कारण काही काळाने तो तिथून जातो. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस घेतली नाही म्हणून मिळालीच नाही असं होत नाही.

मग अर्ज. सोबत: कराराची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातून मिळणारा दस्ताचा गोषवारा), मालकीचा कागद (खरेदीखताचा इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची पावती), नोटीस आणि तिची पोहोच, बँकेचं स्टेटमेंट ज्यात भाडं येणं कधी थांबलं ते दिसतं. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघंही अर्जदार. एकाच्या नावाने अर्ज करून दुसऱ्याचं संमतीपत्र जोडण्यात नंतर नाही ते फाटे फुटतात.

समन्स बजावलं गेलं की खरी गंमत. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम ४३ प्रमाणे त्याला आपोआप लढता येत नाही. ३० दिवसांत शपथपत्र देऊन 'मला बचाव मांडायची परवानगी द्या' असा अर्ज करावा लागतो आणि त्यात पटण्यासारखं कारण दाखवावं लागतं. केला नाही तर तुमच्या अर्जातलं म्हणणं त्याने मान्य केलं असं धरून हुकूम होतो. म्हणून समन्सची बजावणी हा या प्रकरणाचा कणा. बेलिफाबरोबर (समन्स बजावणारा कर्मचारी) शक्य तर स्वतः जा, संध्याकाळी तो घरी असतो ती वेळ सांगा. सुरुवातीचे महिने बहुतेक वेळा इथेच वाया जातात.

हुकुमावर अपील नाही. ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज (हुकूम तपासून बघा अशी वरच्या अधिकाऱ्याला विनंती) करता येतो, त्यानंतर उच्च न्यायालयात रिट. बहुतेक जण स्थगिती मिळवण्यापुरतं तिथे जातात. तिथे आपल्या वकिलाने आग्रह धरायचा तो एकाच गोष्टीचा: स्थगिती हवी तर आधी पैसे जमा करा.

निवृत्त_पेठकर

मुठाकाठ यांच्या प्रतिसादाशी सहमत. एक जोडतो. मुदत संपल्यानंतर भाडेकरू हुशारीने दर महिन्याला जुन्या भाड्याइतकी रक्कम खात्यावर टाकत राहतो आणि मग म्हणतो, मालकाने भाडं घेतलं म्हणजे करार चालूच राहिला. पैसे परत पाठवायची गरज नाही. रक्कम आली की त्याच दिवशी लेखी कळवायचं: 'आपण पाठवलेले अमुक रुपये भाडे म्हणून स्वीकारलेले नाहीत, मुदतीनंतरच्या वापराच्या नुकसानभरपाईपोटी, माझे सर्व हक्क राखून जमा करून घेत आहे.' दर महिन्याला हेच वाक्य. आणि घरभाडे भत्त्यासाठी पावती मागितली तर त्या महिन्यांची 'भाडे मिळाले' अशी पावती मुळीच द्यायची नाही. तो आयकराच्या नावाने मागतो आणि इकडे वापरतो.

वाकडचीवाट

हे फारच कामाचं. काका, व्हॉट्सॲपवरचे मेसेज चालतात का पुरावा म्हणून?

निवृत्त_पेठकर

चालतात, पण नुसते स्क्रीनशॉट छापून नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी ६५ब म्हणायचे तेच, आता नमुना दोन भागांत आहे: एक भाग ज्याचा फोन त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फोन बदलला तर जुना विकू नका, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. महत्त्वाचं ते सगळं ईमेलवरही पाठवत जा.

आठवामजला

माझा प्रश्न वेगळा आहे. मुदत अजून सात महिने बाकी आणि भाडं तीन महिन्यांचं थकलं, तर? कलम २४ मुदत संपल्यावरच ना?

कागदीघोडा

अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. कलमात मुदत संपण्याचीच भाषा आहे. करारात 'भाडे सलग दोन महिने थकल्यास १५ दिवसांच्या नोटिशीने लायसन्स रद्द होईल आणि रद्द झालेल्या तारखेला मुदत संपली असे समजले जाईल' असं कलम असेल तर नोटीस देऊन रद्द करायचं आणि त्या तारखेच्या आधारे अर्ज करायचा. समोरचा यावर वाद घालणार हे धरून चाला. करारात असं कलमच नसेल तर हात बांधलेले राहतात. एजंटकडचा छापील नमुना नेमका इथे पोकळ असतो: नोटीस कालावधी एक महिना, एवढंच लिहितो आणि मोकळा होतो.

डिपॉझिटचा आकडाही याच हिशोबाने ठरवा. दोन महिन्यांची थकबाकी, रद्द करण्यातला एक महिना, न भरलेलं वीजबिल, रंगकाम. एवढं ज्यात बसतं ते डिपॉझिट. दोनच महिन्यांचं घ्यायचं असा नियम आहे असं हल्ली भाडेकरू सांगतात, तो २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातला आकडा. तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

आणि 'शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा' याला कधीही हो म्हणू नका. तिथून पुढे तुमच्या हातात काहीच राहत नाही.

मुठाकाठ

मुदतीच्या आत जे भाडं थकलं त्याच्यासाठी वसुलीचा वेगळा दावा लावायची तयारी ठेवा. त्याला तीन वर्षांची मुदत आहे, प्रत्येक महिन्याचं भाडं देय झालं तिथून मोजायची. ताब्याच्या प्रकरणात गुंतून लोक हे विसरतात.

सेक्रेटरीबाई

सोसायटीच्या बाजूनेही लिहिते, कारण मालक लगेच आमच्या दारात येतात: 'त्याचं पार्किंग बंद करा, लिफ्टचं कार्ड बंद करा.' नाही करता येत हो. मेंटेनन्स थकला असेल तर सोसायटीचा हक्क सभासदाकडून वसूल करण्याचा आहे, भाडेकरूची कोंडी करण्याचा नाही. आणि वाद झाला की नोटीस सोसायटीच्याही नावाने येते.

मालकांनी करायचं ते वेगळंच आहे. करार झाला की प्रत ऑफिसात द्या. राहणाऱ्या सगळ्यांची नावं द्या, फक्त सही करणाऱ्याचं नको. घर दिल्यावर भोगवटा नसल्याचं शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) लागतं, ते सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के, महापालिकेचे कर वगळून. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ही मर्यादा घातली आहे. त्याहून जास्त मागणाऱ्या सोसायट्या अजूनही आहेत आणि त्यांना भरणारे मालकही आहेत.

रात्रीचा गोंगाट, जिन्यात राडा, बाल्कनीतून कचरा अशा तक्रारी आल्या की आम्ही सभासदाला लेखी कळवतो. ती पत्रं जपून ठेवा. पुढे करार रद्द करायची वेळ आली तर उपद्रवाचा तिऱ्हाइताने दिलेला पुरावा तोच. शेजारच्या काकूंचं तोंडी म्हणणं कोणी ऐकत नाही.

तळमजला

पोलीस व्हेरिफिकेशन केलेलं असेल तर पोलीस मदत करतात ना घर खाली करायला?

सेक्रेटरीबाई

नाही. ती माहिती कोण राहतंय याची नोंद, तिचा ताब्याशी संबंध नाही. पण द्या नक्की. न देणाऱ्या मालकावर, भाडेकरूची माहिती द्यावी या पोलिसांच्या आदेशाच्या भंगाची कारवाई होऊ शकते. आणि हद्द बघून द्या: वाकड, हिंजवडी, पिंपळे सौदागर ही पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे येतात, पुणे शहराच्या साइटवर अर्ज टाकून काही उपयोग नाही.

मारामारी, धमकी, घराची मोडतोड झाली तर मात्र तक्रार द्या आणि प्रत घ्या. अदखलपात्र नोंद झाली तरी चालेल.

सातासमुद्रापार

मालक परदेशात असेल तर कसं करायचं? आईवडिलांना इथे धावपळ करायला लावायची नाहीये.

मुठाकाठ

कुलमुखत्यारपत्र, आणि ते नीट शब्दांत. 'भाडेकरार करणे' एवढंच लिहिलेलं असतं बऱ्याचदा. त्यात नोटीस देणे, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करणे, शपथपत्र करणे, साक्ष देणे, तडजोड करणे, ताबा घेणे हे सगळं नावानिशी हवं. तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. ती मुदत हुकली की दंडाचं लचांड मागे लागतं.

साक्षीला उभा राहणारा मुखत्यार त्याला स्वतःला माहीत असलेल्या गोष्टींबद्दलच बोलू शकतो. म्हणून ज्याने घर दाखवलं, किल्ली दिली, भाड्याचा पाठपुरावा केला, त्यालाच मुखत्यार नेमा.

आठवामजला

अजून एक. करार वडिलांनी केला होता आणि मधेच ते गेले, असं झालं तर मुलांना पुन्हा करार करावा लागतो का?

मुठाकाठ

कलम २४ च्या स्पष्टीकरणात मालक या शब्दात मृत्यूनंतर मालक झालेला वारसही येतो. वारस अर्ज करू शकतात. सोसायटीचं नामांकन, मृत्यूचा दाखला, वारसांची यादी जोडा, सगळे वारस एकत्र अर्जदार असलेले बरे. मात्र त्याच स्पष्टीकरणाने भाडेकरूने पुढे लायसन्सवर दिलेली जागा बाहेर ठेवली आहे. स्वतः भाड्याने घेऊन दुसऱ्याला देणाऱ्यांना हा मार्ग नाही.

आणि करारात नाव नसलेला कोणी उभा राहिला, मेहुणा म्हणा, मित्र म्हणा, 'मीच इथे राहतो, माझं म्हणणं ऐका', तर त्याचा दावा प्राधिकारी विचारात घेत नाही. हेही कलमातच आहे.

तळमजला

बारा वर्षं राहिला की घर भाडेकरूचं होतं हे तरी खरं का? आमच्या वाड्यात सगळे याच भीतीत असतात.

निवृत्त_पेठकर

परवानगीने राहणाऱ्याचा ताबा कितीही वर्षं झाली तरी आपोआप मालकीविरुद्ध होत नाही. बारा वर्षांची ती गोष्ट मालकाचा हक्क उघड नाकारून राहणाऱ्याची. तुमच्या वाड्यातली भीती वेगळ्या कारणाने खरी आहे: तिथले भाडेकरू जुने, संरक्षित आहेत. त्यांच्यावर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५, १६ चा दावा लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्ट), शिवाजीनगरला. थकबाकीची नोटीस दिली की ९० दिवस थांबायचं, दावा लावला की समन्सपासून ९० दिवसांत त्याने १५ टक्के व्याजासह सगळं भरलं की तो सुटला. नाहीतर गरज, पोटभाडेकरू, नासधूस असलं काहीतरी सिद्ध करा. तिथे वर्षांच्या हिशोबात बोलायचं, महिन्यांच्या नाही.

दुकान लायसन्सवर दिलं असेल तरी लघुवाद न्यायालयच. कलम २४ राहत्या जागेपुरतं.

वाकडचीवाट

सगळं वाचून वाटतंय, दोन महिन्यांचं भाडं सोडून देऊन तडजोड करणं स्वस्त पडेल.

कागदीघोडा

बऱ्याचदा पडतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. वकिलाची फी, दर तारखेची रजा आणि मधल्या महिन्यांचं न आलेलं भाडं बेरजेत घ्या. दुप्पट नुकसानभरपाईचा हुकूम मिळाला तरी ती वसूल होईलच असं नाही. नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेलेल्या माणसामागे चार लाखांसाठी किती धावणार?

फक्त तडजोड स्टॅम्प पेपरवर करून मोकळे होऊ नका. आधी अर्ज दाखल करा, मग तडजोडीच्या संमती अटी त्याच प्रकरणात सादर करा: अमुक तारखेला ताबा, तोवर महिन्याला एवढी रक्कम, तारीख चुकली तर पूर्ण थकबाकी आणि दुप्पट दर. त्यावर हुकूम झाला की शब्द फिरवला तरी पुन्हा पहिल्यापासून लढावं लागत नाही, थेट अंमलबजावणी. सवलतीचे पैसे किंवा उरलेलं डिपॉझिट किल्ली हातात आल्यावर, त्याच खोलीत उभं राहून, बँकेतून. आगाऊ एक रुपया नाही.

ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या न्यायाधिकरणात जा असा सल्ला काही लोक देतात. तो २००७ चा कायदा मुलं आणि नातेवाइकांसाठी आहे, भाडेकरूसाठी तिथे वेळ घालवू नका.

सेक्रेटरीबाई

ताबा घेतानाचं कोणी लिहिलंच नाही, म्हणून मी लिहिते. स्वखुशीने गेला तरी ताबा पावती करा: तारीख, वेळ, किती किल्ल्या परत आल्या (मुख्य दार, सेफ्टी डोअर, लेटरबॉक्स, पार्किंगचं कार्ड), मीटरचं रीडिंग, डिपॉझिटचा हिशोब, 'माझे कोणतेही सामान वा हक्क या सदनिकेत उरलेले नाहीत'. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. मीटरचा फोटो काढताना मीटर नंबर दिसला पाहिजे, नुसते आकडे नकोत. आमच्याकडे खाली पॅनेलमध्ये चाळीस मीटर एकाखाली एक आहेत, शेजारच्या मीटरचा फोटो काढून भांडणारेही पाहिले आहेत.

वीजबिलावर आधीपासूनच लक्ष ठेवा. महावितरणच्या ॲपमध्ये आपला १२ अंकी ग्राहक क्रमांक जोडला की दर महिन्याला बिल भरलं की नाही ते कुठूनही दिसतं. कनेक्शन मालकाच्या नावावर असतं, थकबाकी त्याच्याच गळ्यात पडते. पाईप गॅसचं तेच.

तळमजला

आणि कुलूप लावून गायब झाला तर? फोन बंद, भाडं बंद, सामान आत.

मुठाकाठ

तरीही कुलूप तोडायचं नाही. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या की लायसन्सी संपर्कात नाही, सोसायटीकडून गेटच्या नोंदवहीच्या आधारे शेवटचा कधी दिसला त्याचं पत्र घ्या, मूळ गावच्या पत्त्यावर आणि कंपनीच्या ईमेलवर नोटीस पाठवा. मुदत संपली की अर्ज. असा माणूस हजर होत नाही, त्यामुळे बजावणी दारावर चिकटवून आणि पोस्टाने पूर्ण झाली की हुकूम तुलनेने लवकर होतो.

अंमलबजावणीच्या दिवशी बेलिफ, पंच आणि कुलूपवाला सोबत असतो. प्रत्येक वस्तूची यादी पंचनाम्यात येऊ द्या: गादी, मिक्सर, बंद सुटकेस असली तर बंदच, न उघडता. फ्रिजमधलं सडलेलं टाकायचं तरी आधी फोटो आणि पंचनाम्यात नोंद. सामान ठेवायला जागा तुम्हाला द्यावी लागू शकते, म्हणून एक खोली किंवा सोसायटीचा स्टोअर आधीच बघून ठेवा. ते परस्पर भंगारवाल्याला देऊ नका, प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊनच विल्हेवाट.

निवृत्त_पेठकर

अवांतर: भाडेकरू गेल्यावर स्वतः राहायला येणार असाल आणि घर पुणे महापालिका हद्दीत असेल, तर मिळकतकरातल्या स्वतः राहणाऱ्यांच्या ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरा. सोबत सोसायटीचं पत्र आणि राहत असल्याचा पुरावा लागतो. भाड्याने दिलेल्या काळात ती सवलत नसते, आणि अर्ज केल्याशिवाय ती आपोआप परतही येत नाही.